रबर आवळू नका: रेसच्या गाडीवर दोन टॅकोमीटर घालवल्यावर कळलेलं

गाडी खोलता येते, कार्ब्युरेटरचे जेट बदलता येतात, सीडीआयची (ठिणगी देणाऱ्या पेटीची) कुठली वायर कुठं जाते ते कळतं, एवढं धरूनच लिहितोय. तेवढं जमत नसेल तर आधी वर्षभर गॅरेजात हात काळे करा, मग या. मी फक्त मीटर बसवण्याबद्दल बोलणार, कारण माझे दोन टॅकोमीटर, म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणारे मीटर, गेले आणि तिसरा जाता जाता वाचला.

मी बेळगावात शहापूरच्या एका गॅरेजात यामाहाच्या आरएक्स १०० वर शिकलो. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, एकच सिलिंडर, धक्के मारणारा बॅलन्सर शाफ्ट नाही. एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टनचा वरखाली धक्का क्रँकच्या वजनानं पूर्ण मारता येत नाही. उभा धक्का मारायला गेलं की आडवा उठतो. म्हणून गाडी बनवणारेही मधे कुठंतरी समाधान मानतात. त्यात आपण पोर्टिंग करून (सिलिंडरची भोकं घासून) तिला नऊ हजार आरपीएमच्या वर पळवणार. आरपीएम दुप्पट झाले की धक्का चौपट होतो, आणि तो हँडलपर्यंत येतोच येतो.

कोल्हापूरच्या ट्रॅकवर सरावाला गेलो तेव्हा गाडी मामेभाऊ चालवत होता. तो आत येऊन म्हणाला, "साडेआठ हजाराच्या वर काटा दिसतच नाही, पंख्यासारखा फिरूलालाय." दुसऱ्या फेरीला काटा गळून काचेच्या तळाशी पडलेला. मीटर डुप्लिकेट आहे म्हणून मी दुकानदाराशी फोनवर भांडलो आणि पेट्रोलसाठी ठेवलेल्या पैशातून दुसरा आणला. तोही तसाच गेला. दुकानदाराची काही चूक नव्हती, हे त्याला सांगायचं अजून राहिलंय.

मीटरला धक्का बसू नये म्हणून मी रबर घातलं नव्हतं असं नाही. चार ग्रोमेट (रबरी कड्या) होते, वायसर (वॉशर) होते, सैल न होणारे नायलॉक नट होते, आणि मी ते जीव खाऊन आवळले होते. तिसरा बसवत असताना मेस्त्री मागं येऊन उभे राहिले.

"काय करूलालास?"

"रबर घालूलालोय, मेस्त्री."

त्यांनी नखानं वायसर टकटक वाजवला. "रबर कुठं हाय? लोखंड केलास की त्याचं. आणि किती आवळूलालास? साकु!" साकु म्हणजे कन्नडात 'पुरे'. आणि चहाला गेले.

असले गुरू मला आवडत नाहीत, स्पष्ट सांगतो. साकु म्हणायचं आणि निघून जायचं! का साकु ते शोधायला मला पावसाळाभर लागला. म्हणून तुम्हाला जरा जास्तच फोडून सांगतो, कंटाळलात तरी वाचा.

रबरावर बसवलेला मीटर म्हणजे स्प्रिंगवरचं वजन. त्याचा स्वतःचा एक झुलायचा वेग असतो. इंजिनाचा वेग त्या वेगाशी जुळला की मीटर वेडा होतो. इंजिन त्या वेगाच्या १.४१ पटीच्या वर गेलं, तरच रबर धक्का अडवायला लागतं. त्याखाली अडवत तर नाहीच, उलट वाढवून देतं. हे कुणी सांगत नाही. 'रबर घातलं की झालं' एवढंच सांगतात.

हा वेग काढायला मशीन लागत नाही. मीटरच्या वजनानं रबर किती मिलिमीटर दबतं, त्याचं वर्गमूळ काढा आणि १५.८ ला त्यानं भागा. येईल तो आकडा सेकंदाला किती झोके ते सांगतो. साठानं गुणलात की आरपीएम. पण २०० ग्रॅमच्या मीटरनं दबलेलं मोजायचं कसं? तिथं दोन लिटरची पाण्याची बाटली टेकवा, म्हणजे दहापट वजन झालं. व्हर्नियर लावा, आलेलं माप दहानं भागा. बाटलीनं ४ मिमी दबलं तर मीटरचे ०.४ मिमी, म्हणजे सेकंदाला २५ झोके, म्हणजे १५०० आरपीएम. साधारण २१०० च्या वर तुमचा मीटर शांत. माझ्या आवळलेल्या रबरावर बाटली ठेवली तर जेमतेम ०.१ मिमी. आता हिशोब करा: ०.०१ मिमी, १५८ झोके, साडेनऊ हजार आरपीएम. म्हणजे ज्या वेगाला गाडी सगळ्यात जास्त पळते, बरोबर तिथंच मी मीटरला झुल्यावर बसवलं होतं. हिशोब ढोबळ आहे, रबर धक्क्याला थोडं जास्त कडक वागतं, पण चूक दाखवायला पुरतो.

उपाय म्हणजे कॉलर. रबराच्या भोकात बसणारी छोटी नळी, बोल्ट तिच्यातून जातो. नट तिच्यावर टेकतो, रबरावर नाही. मग नट कितीही आवळा, रबर तेवढंच दबणार. माझं रबर मोकळं असताना ९ मिमी जाड होतं, कॉलर साडेआठची केली. उद्यमबागेत दुसऱ्या पाळीला लेथवर असलेल्या मित्रानं चार कॉलर कापून दिल्या, एक चहा आणि एक मिसळ. मीटर धरणाऱ्या पट्टीचं भोक कॉलरपेक्षा मोठं हवं, नाहीतर कॉलर कडेला घासते आणि धक्का सरळ लोखंडातून जातो. बसवल्यावर अंगठ्यानं मीटर ढकलून बघा. हलला पाहिजे आणि परत आला पाहिजे.

सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळणारे बरेच आहेत. सरावाला चालतो, पण पेट्रोल लागलं की फुगतो. टाकीजवळ मीटर असेल तर नायट्राइल रबर घ्या. शॉर्टकटला माझा विरोध नाही, पण तो का चालतोय हे कळलेलं असावं.

उद्यमबागेत हायड्रॉलिकच्या टेस्ट बेंचवर बघितलंत तर प्रेशर गेजमधे ग्लिसरीन भरलेलं दिसेल. काट्याचं थरथरणं तिथं ते द्रवच खातं. ते बघून मी आपल्या टॅकोमीटरमधेही ग्लिसरीन भरायला निघालो होतो. हसू नका. सर्किट बोर्ड आहे आत, हे वेळेवर आठवलं.

वायर ही दुसरी चोरवाट. रबर मऊ केलंत आणि वायर टायनं ताठ बांधलीत, तर धक्का वायरीतून येतो. मीटरजवळ बोटभर सैल वळण सोडा. बोर्डावरचे कपॅसिटर सिलिकॉननं चिकटवायचे असतील तर व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. न्यूट्रल क्यूअरचं मागा. आणि मीटर म्हणून मोबाईल लावणाऱ्यांनो, मोटारसायकलच्या धक्क्यानं आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, हे ॲपलनं २०२१ साली स्वतःच सांगितलंय.

एक मात्र खरं, थरथरणारा प्रत्येक काटा इंजिनाचा नसतो. केबलच्या स्पीडोमीटरचा काटा हळू चालताना ठेक्यात डुलत असेल तर केबल कोरडी आहे किंवा मुडपली आहे. कुठल्याही गिअरला ठरावीक आरपीएमलाच हलत असेल तर माउंटिंग बघा. पहिला मीटर गेला तर घाबरू नका, सगळ्यांचाच जातो. दुसरा त्याच पद्धतीनं बसवलात तर मात्र माझ्याकडे रडत येऊ नका.

मऊ रबर कधीतरी फाटतं. म्हणून मीटरच्या मागून बारीक तारेची दोरी हँडलला अडकवा, तीही सैल. रेसच्या आधी गाडी तपासणारे प्रत्येक वस्तू हातानं हलवून बघतात, त्यांना ती दोरी आधीच दाखवा, म्हणजे हलणाऱ्या मीटरवर वाद होत नाही. माझ्या तिसऱ्या मीटरची रबरं यंदा बदलली. कॉलर त्याच आहेत.