तबला शिकायचाय? क्लास लावताना या चुका टाळा

"प्रायव्हेट शिकवणी लावू की आधी युट्युबवर बघून थोडं शिकतो, मग सरांकडे जातो?" हे दर जूनमध्ये कोणी ना कोणी विचारतंच. माझं म्हणणं, आधी युट्युबवर शिकणं हीच सगळ्यात महागात पडणारी चूक आहे.

परळचा एक मुलगा माझ्याकडे शिकायला आला होता, वर्षभर घरी व्हिडिओ बघून तिरकिट (जलद वाजणारे बोल) वाजवायचा, स्पीड चांगला, घरचे एकदम खूश. मी म्हटलं, ते राहू दे, नुसता 'ना' हा साधा बोल वाजव. आता 'ना' ला तर्जनी चाटेवर, म्हणजे कातड्याच्या कडेच्या पट्टीवर पडते आणि अनामिका मधल्या काळ्या शाईच्या कडेला हलकी टेकलेली असते, हलकी, कारण त्यावरच आस, म्हणजे मागे राहणारी गुंज, अवलंबून. ह्याने ती घट्ट दाबलेली, त्यामुळे आवाज नुसता टप्प. व्हिडिओत बोट कुठे ठेवलंय ते दिसतं, दाब किती ते कसं दिसणार? मग तिरकिट बंद केलं, रोज फक्त ना आणि तिं, पोरगं रडकुंडीला आलं, आणि वर्षाची सवय मोडण्यात नवीन शिकण्यापेक्षा जास्त वेळ गेला. म्हणून सुरुवातीचे तीन-चार महिने समोर बसून हात बघणारा माणूस हवाच, तोही एकट्याला, आठ जणांच्या बॅचमध्ये तुमची बोटं कोण बघणार! हात बसला की मग खुशाल बॅचला जा, ठेका धरून ठेवायची सवय तिथेच लागते.

दुसरं, बोरिवलीत राहून नाव मोठं म्हणून दादरचा क्लास लावू नका. ऑफिस सुटल्यावर लोकलला लटकून आलेल्या हाताने काय डोंबल वाजणार, आणि जुलैत रुळांवर पाणी आलं की क्लास बुडालाच. त्यापेक्षा चालत जाता येईल असे साधे सर परवडले.

वर्षाची फी आधी भरू नका, महिन्याची भरा.

तबला एकट्याने जाऊन घेऊ नका, सरांना सोबत न्या. आणि हातोडीने सुरात लावायला शिका, आपल्याकडच्या दमट हवेत पावसाळ्यात पुडी (वरचं कातडं) उतरतेच, म्हणजे सूर खाली जातो.

पहिल्याच दिवशी "प्रारंभिक कधी देता येईल?" असं विचारणाऱ्या पालकांना हात जोडून विनंती, गांधर्व महाविद्यालय मंडळाची ही पहिली परीक्षा कुठे पळून जात नाही, पोराचा हात बसू द्या.

आणि रोज घरी अर्धा तास बसणं जमणार नसेल तर प्रायव्हेट शिकवणी आत्ता लावूच नका, आठवड्यातून एकदा सरांसमोर बसून हात तयार होत नाही.