मन मोकळं करायचं कसं, आणि त्यात सेरोटोनिनचं काय होतं

रडलं की सेरोटोनिन, म्हणजे मूडशी जोडलं जाणारं अंगातलं एक रसायन, वाढतं असं सगळेच सांगतात, पण ते इतकं सरळ नाहीये. अंगातलं जवळपास ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि ते मेंदूत जात नाही, मेंदू स्वतःचं वेगळं बनवतो, ट्रिप्टोफॅन या प्रथिनातल्या घटकापासून, जो आपल्या शेंगदाण्यात, डाळीत, दुधात असतो. रडण्याने मेंदूतलं सेरोटोनिन वाढतं हे सिद्ध झालेलं नाही. तरी मन मोकळं कराच, कारण ताण उतरला की झोप, भूक, बाहेर पडणं जागेवर येतं आणि सेरोटोनिनचं नातं या गोष्टींशी आहे.

वडील गेले तेव्हा चार महिने मला रडूच आलं नाही, छातीवर पाटा ठेवल्यासारखं वाटायचं. एकदा सकाळी सोलापुरात सिद्धेश्वर तलावाच्या काठाला बसले होते, शेजारी एक आजी माशांना चुरमुरे टाकत होत्या, त्यांनी काही न विचारता मूठभर चुरमुरे माझ्या हातात दिले आणि तिथंच बांध फुटला. त्या रात्री सलग झोप लागली बघा.

सुरुवात श्वासापासून करा. नाकाने ४ आकडे आत, मग सावकाश ६ ते ८ आकडे बाहेर, पाच मिनिटं. बाहेर सोडणं लांबवलं की हृदयाचे ठोके मंदावतात, मधेच रडू आलं तर दाबू नका.

मग वही घ्या. जेम्स पेनेबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात हे तपासलं, रोज १५-२० मिनिटं, सलग ३-४ दिवस, जे सलतंय तेच लिहायचं, शुद्धलेखन वगैरे सोडा, नंतर पानं फाडली तरी चालतात. लिहून झाल्यावर थोडा वेळ जास्तच जड वाटतं, तेवढ्याने थांबू नका.

राग असेल तर उशीला बुक्क्या मारू नका, त्याने राग भडकतो, उतरत नाही.

आणि चाला! सेरोटोनिनसाठी खरं काम व्यायाम आणि सकाळचा उजेड करतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो, म्हणून साडेसातच्या आत घरी या.

डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतील तर बरं वाटतंय म्हणून स्वतःच्या मनाने बंद करू नका. दोन आठवडे झाले तरी उदासी हटत नसेल, किंवा जगणं नको वाटत असेल तर लगेच, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीतही बोलता येतं.

घरात कुणी रडत असलं तर "गप बस" म्हणू नका ओ, पाण्याचा तांब्या शेजारी ठेवा आणि नुसतं बसून राहा.