शरदात सूर्यफुलं लावा आणि मधमाशा मोजायला बसा

सूर्यफूल म्हटलं की सगळे उन्हाळ्याचंच बोलतात, पण मला विचाराल तर मोसमाच्या शेवटी फुलणारी झाडं जास्त कामाची, कारण तेव्हा बाकीची फुलं ओसरलेली असतात आणि मधमाशांना खायला कमी पडतं.

कडाक्याची थंडी कधी पडते तिथून मागे मोजत या, बियाण्याच्या पाकिटावर फुलायला ६० दिवस लिहिलं असेल तर वर दोन आठवडे धरा कारण गारठा वाढला की झाड हळू वाढतं. बी थेट जमिनीतच टोकायचं, अडीच सेंटीमीटर खोल, सोटमूळ असल्यामुळे रोप हलवलेलं त्याला आवडत नाही. ६ ते ८ तास ऊन हवंच.

बियाणं घेताना 'पोलनलेस' म्हणजे बिनपरागाची जात प्लीज टाळा. ती फुलदाणीसाठी बनवलीय, मकरंद मिळतो पण पिल्लांसाठी लागणारा पराग नसतो. 'लेमन क्वीन' घ्या. अमेरिकेत २००८ मध्ये जीवशास्त्रज्ञ ग्रेचेन लेबुन यांनी ग्रेट सनफ्लॉवर प्रोजेक्ट सुरू केला, लोकांनी आपापल्या बागेत मधमाशा मोजायच्या, त्यात हीच जात लावायला सांगितली होती, फूल एकच असलं की सगळ्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात ना.

आता मोजणी. आधी फूल जवळून बघा. मधली चकती म्हणजे शेकडो बारीक फुलं, ती काठाकडून आत रिंगणारिंगणाने उमलतात, प्रत्येक फूल आधी पराग देतं आणि नंतर त्यातून दोन टोकांचा वळलेला स्त्रीकेसर वर येतो. म्हणून बाहेरच्या रिंगणात ती वळलेली टोकं, त्याच्या आत पिवळी धूळ, आणि मध्यभागी बंद कळ्या असं एकाच वेळी दिसतं. परागासाठी आलेली माशी त्या धुळीच्या रिंगणावरच गोल गोल फिरते, बघत राहावंसं वाटतं खरंच!

सकाळी ऊन आल्यावर एक फूल निवडा, ५ मिनिटांचा टायमर लावा, तारीख, वेळ, हवामान लिहा. मधमाशी येऊन बसली की एक धरायची, तीच परत आली का ते कळत नाही, त्यामुळे नियम एकच ठेवा आणि तो बदलू नका. कोणीच आलं नाही तर शून्य लिहा, हे फार महत्त्वाचं आहे, शून्य गाळलं की आकडा खोटाच फुगतो. दोनच पंख, मोठे डोळे आणि आखूड मिशा असतील तर ती साधी माशी, मधमाशीला चार पंख असतात. पोटाखाली पराग माखलेला दिसला तर बहुतेक पानं कापणारी मधमाशी, तिची वेगळी नोंद करा.

फुलावर तुमची सावली पडू देऊ नका. पूर्ण उमललेलं फूल पूर्वेकडे तोंड करून राहतं आणि सकाळी लवकर तापतं, २०१६ मध्ये अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (डेव्हिस) संशोधकांनी कुंड्या पश्चिमेला फिरवून बघितलं तर सकाळी माशा खूपच कमी आल्या.

कीटकनाशक अजिबात मारू नका. बी पाखरं खातील, खाऊ दे, आणि वाळलेले दांडे मुळासकट उपटू नका, गुडघ्याएवढे ठेवून वरचं छाटा, काही एकट्या राहणाऱ्या मधमाशा अशा दांड्यांच्या आत घर करतात.