अमोनाइटमधलं सडणारं पायराइट कसं आवरलं

जीवाश्माखाली पिवळट-पांढरी भुकटी दिसू लागली आणि कपाट उघडताच गंधकासारखा आंबूस वास आला, की समजावं जीवाश्मातलं पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचं सोनेरी खनिज, सडतंय. माझा सोनेरी झाकेचा, नखाएवढा अमोनाइट (नामशेष झालेल्या समुद्री प्राण्याचा वळ्यांचा शंख) असाच आतून फुटायला लागला होता. दमट हवेत पायराइटचं ऑक्सिडेशन होतं, त्यातून लोहाचे सल्फेट क्षार आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. क्षार फुगून जीवाश्माला तडे पाडतात, आम्ल खालचं लेबलसुद्धा खातं. माझ्या लेबलाचा कोपरा तपकिरी झाला होता, बोट लावताच तुटला.

आधी नमुना वेगळा काढला आणि कोरड्या मऊ ब्रशने भुकटी झाडली. पाणी अजिबात लावायचं नाही! मग घट्ट झाकणाच्या डबीत सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक ठेवला. सापेक्ष आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली की सडणं झपाट्याने वाढतं. मी ती ४० च्या खाली ठेवतो. नीट वाळल्यावर, खिडक्या उघड्या ठेवून, ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२ (नमुने मजबूत करणारं, चिकटवणारं ॲक्रिलिक रेझिन) तड्यांत सोडलं. ते पुढे ॲसिटोननेच काढता येतं, म्हणून मला झटपट गोंदापेक्षा कितीतरी भरवशाचं वाटतं. नुसतं वार्निश फासण्यात मात्र अर्थ नाही, ओलावा त्यातूनही शिरतो.

लेबल नव्याने लिहिलं: ठिकाण, खडकाचा थर, तारीख. ही माहिती गेली तर उरतो फक्त शोभेचा दगड. आता अमोनाइट त्याच पारदर्शक डबीसकट मांडलाय, आणि जेलचा रंग बदलला की दाणे तापवून पुन्हा वापरतो.