सीईटीच्या गणिताची उत्तरं जुळवायची कशी

मी मिरजेत बारावीचं गणित शिकवतो. घराच्याच माडीवर वर्ग भरतो. एप्रिल-मे आला की पोरांबरोबर सीईटीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशासाठीच्या परीक्षेच्या, एखाद्या केंद्रावर जातो आणि गेटसमोरच्या रसवंतीत बसून राहतो. पेपर सुटला की पहिला घोळका तिथंच येतो, आणि चरकाच्या घुंगरांवर आवाज चढवून कुणीतरी विचारतं, "सतराव्याचं काय आलं रे? माझा पर्याय बी."

इथंच घोळ सुरू होतो. २०१९ पासून सीईटी संगणकावर होते. तुमचा सतरावा प्रश्न शेजाऱ्याला चाळिसावा असू शकतो, आणि पर्यायांच्या जागेचाही भरवसा नाही. त्यामुळे प्रश्न नंबराने नाही, तोंडी सांगायचा : "तो वर्तुळाच्या स्पर्शिकेचा, त्रिज्या पाच होती तो." आणि उत्तर म्हणजे किंमत, ए, बी, सी, डी नव्हे. त्याआधी एक विचारून घ्या, समोरचा तुमच्याच सत्रात होता का? सकाळचा पेपर वेगळा, दुपारचा वेगळा. बोलून बोलून घसा कोरडा पडल्यावर हे लक्षात आलेले मी बरेच पाहिलेत.

पण घोळक्यात शिरायच्या आधी दहा मिनिटं बाजूला बसा. रफ कामाचे कागद आत ठेवून घेतात, म्हणून पिशवीत एक कोरी वही असू द्या. आठवतील तेवढे प्रश्न आणि आपली उत्तरं त्यात लिहा. खात्रीच्या उत्तरापुढे बरोबरची खूण, ठोकून दिलेल्यापुढे 'ठो'. एवढं पुरे.

ही दहा मिनिटं कशासाठी, ते सांगतो. एका वर्षी प्रश्न निघाला : टॅन इन्व्हर्स एक (म्हणजे ज्याचा टॅन एक आहे तो कोन), अधिक टॅन इन्व्हर्स दोन, अधिक टॅन इन्व्हर्स तीन. वर्गातल्या हुशार म्हणवणाऱ्या पोराने ठणकावून सांगितलं, "शून्य!" शेजारची मुलगी लगेच म्हणाली, "हो, मीपण बहुतेक शून्यच केलं." पाचच मिनिटांपूर्वी तिने माझ्यासमोर वहीत 'पाय' (π, म्हणजे १८० अंश) लिहिलं होतं. मी वही उघडून तिच्यापुढे धरली.

बरोबर पायच आहे. तिन्ही कोन धन आहेत. एकटा टॅन इन्व्हर्स एकच पंचेचाळीस अंशांचा. मग बेरीज शून्य येईलच कशी? पोराने दोन आणि तीनला बेरजेचं सूत्र सरळ लावलं आणि उणे पाय छेद चार काढलं, म्हणून पहिला कोन मिळवल्यावर शून्य आलं. पण दोन गुणिले तीन सहा होतात. गुणाकार एकापेक्षा मोठा असला की सूत्रात पाय मिळवावा लागतो, म्हणजे तीन पाय छेद चार. त्यात पहिल्या कोनाचे पाय छेद चार घातले की झाला पाय. कोण किती मोठ्याने बोलतो यावर उत्तर ठरवू नका, आकडा शक्य तरी आहे का ते आधी बघा.

कधी कधी भांडण होतं आणि दोघांचंही बरोबर असतं. साइन एक्स गुणिले कॉस एक्सचं संकलन (इंटिग्रेशन) घ्या. एकजण म्हणतो साइन वर्ग भागिले दोन, दुसरा म्हणतो उणे कॉस वर्ग भागिले दोन, तिसऱ्याचं उणे कॉस दोन एक्स भागिले चार. तिन्ही बरोबर! पहिल्या दोघांत फरक अर्ध्याचा, पहिल्या-तिसऱ्यात पावाचा, आणि तो 'अधिक सी'च्या, म्हणजे उत्तरामागच्या स्थिर संख्येच्या, पोटात जातो. खात्री करायची तर उत्तराचं विकलन करा, मूळचं राशीरूप परत आलं की मिटलं. त्रिकोणमितीच्या सामान्य उकलीचंही तसंच. एन ला शून्य, एक, दोन घालून कोन लिहून काढा. दोन्ही याद्या सारख्या निघाल्या तर चहा मागवा.

घोळक्यात दोघातिघांचं एकच उत्तर येतं आणि ते एकाही पर्यायात नव्हतं, असंही होतं. अशा वेळी लगेच स्वतःला बोल लावू नका. २७ एप्रिल २०२५ ला सकाळच्या सत्रात गणिताच्या ५० पैकी २१ प्रश्नांत चुका निघाल्या होत्या, आणि त्या मुलांची ५ मेला फेरपरीक्षा झाली. असा प्रश्न आठवेल तेवढ्या शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवा.

आता गुण. पन्नास प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, चुकीला कापाकापी नाही. समजा खात्रीचे ३१ आणि ठोकलेले १९. खात्रीचे ६२ गुण, ठोकलेल्यांतले चारात एक धरून नऊ-दहा. मी त्यातून आणखी चार-सहा गुण वजा करायला सांगतो, कारण खात्रीच्यातले दोन-तीन हमखास घसरतात. पोरांना हे आवडत नाही. यावरून पर्सेंटाइल मात्र काढत बसू नका. ते तुमच्या सत्रातल्या बाकीच्यांनी काय केलं यावर ठरतं, आणि ते रसवंतीतल्या कुणालाच ठाऊक नसतं. मोबाइलवर तक्ते फिरवणाऱ्यांनाही नसतं.

पालकांना एकच विनंती : "किती बरोबर?" हा प्रश्न गाडीत बसेपर्यंत तरी नको. आधी रस पाजा.

वही फेकू नका. पुढे लॉगिनमध्ये तुमची उत्तरं आणि उत्तरतालिका दिसते, तोवर निम्मे प्रश्न डोक्यातून गेलेले असतात. तेव्हा वही समोर ठेवून खुणा तपासा. तालिकेतलं उत्तर चुकलंय असं वाटलं तर आक्षेप घेता येतो, पण दर प्रश्नाला पैसे भरावे लागतात. म्हणून आधी ते गणित पूर्ण सोडवून कागद घेऊन सरांकडे जा. माझ्या माडीवर असे कागद येतात. बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या ओळीत चिन्ह चुकलेलं सापडतं आणि पैसे वाचतात. मागे एकाचं खरंच बरोबर निघालं. आम्ही दोघांनी तीनदा सोडवून पाहिलं आणि मगच त्याने पैसे भरले.