टायर घ्यायला जाण्याआधीची तयारी: रोजचे टायर आणि परफॉर्मन्स टायर

आधी एक वही घेऊन गाडीपाशी जा. टायरच्या बाजूवर उठावदार अक्षरांत एक ओळ असते, उदाहरणार्थ '२०५/५५ आर १६ ९१ व्ही'. ती जशीच्या तशी उतरवून घ्या. २०५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ मात्र मिलिमीटर नाहीत, टक्के आहेत: रुंदीच्या ५५ टक्के उंचीची बाजू, म्हणजे सुमारे ११३ मिमी. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १६ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. ९१ हा भारांक आहे, तो सांगतो की हा टायर ६१५ किलो वजन पेलू शकतो. व्ही म्हणजे ताशी २४० किमीपर्यंतची वेगश्रेणी. टी असेल तर १९०, एच असेल तर २१०, डब्ल्यू असेल तर २७०.

टायरवरचे आकडे उतरवून झाले की ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडा आणि दाराच्या चौकटीवरचं स्टिकर वाचा. काही गाड्यांत ते इंधनाच्या झाकणाच्या आत असतं, नाहीतर गाडीच्या पुस्तिकेत सापडतं. गाडी बनवणाऱ्याने मान्य केलेली मापं आणि हवेचा दाब तिथे दिलेला असतो. सध्या चढवलेला टायर आणि स्टिकर यांत फरक दिसला तर स्टिकर खरं माना, कारण आधीच्या कुणीतरी हाताला लागेल ते माप बसवलेलं असू शकतं.

भारांकाबाबत तडजोड करू नका. तो मूळ आकड्याइतका किंवा त्याहून जास्तच हवा. वेगश्रेणीबद्दल नेहमी विचारलं जातं की आपण कधी १२०च्या वर जात नाही, मग २४०चा टायर कशाला? ही श्रेणी टायर उष्णता किती सहन करतो त्यावर ठरते. शिवाय वरच्या श्रेणीच्या टायरची बांधणी सहसा जास्त ताठ असते, त्यामुळे स्टीअरिंगला मिळणारा प्रतिसादही बदलतो. गाडीचं सस्पेन्शन त्या ताठपणाचा हिशोब धरून जुळवलेलं असतं, म्हणून मूळ श्रेणीच्या खाली न उतरणं बरं.

आता वहीचं नवं पान काढा आणि गाडी प्रत्यक्षात कशी चालते ते लिहा. कशी चालवायला आवडेल ते इथे लिहायचं नाही. वर्षाला साधारण किती किलोमीटर होतात? त्यांतले किती थांबत-थांबत, किती मोकळ्या महामार्गावर? पावसात नियमित चालवावी लागते का? सगळ्यांत थंड सकाळी तापमान कितीवर येतं? मागच्या सीटवर माणसं आणि डिकीत सामान नेहमी असतं की एखाद्या वेळी? रस्त्यांवर खड्डे किती? टायरच्या आवाजाने तुम्हाला त्रास होतो का? आणि शेवटचं, घाटवळणांवर किंवा बंद ट्रॅकवर गाडी मनापासून पळवायला तुम्ही खरंच जाता का, आणि किती वेळा? या उत्तरांवरच पुढची निवड ठरणार आहे, म्हणून ती प्रामाणिक हवीत.

यानंतर रबराचं मिश्रण समजून घ्यायचं. रोजचा टायर आणि परफॉर्मन्स टायर (जास्त पकडीसाठी बनवलेला) यांतला खरा फरक तिथे आहे, नक्षीच्या देखणेपणात तो शोधू नका. रबर रस्त्याच्या खडबडीतपणावर दाबलं जातं, त्याचा आकार बदलतो आणि मूळ आकारात परतताना काही ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. पकडीचा मोठा भाग याच क्रियेतून येतो. जे मिश्रण जास्त ऊर्जा गिळतं ते रस्त्याला जास्त चिकटून राहतं, पण तोच टायर गडगडताना इंधनही जास्त खातो आणि बहुतेक वेळा लवकर झिजतो. पकड, आयुष्य आणि इंधन ही तीन टोकं आहेत, एक ओढलं की दुसरं सैल पडतं. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला मिश्लँ या फ्रेंच टायर कंपनीने कार टायरच्या मिश्रणात काजळीच्या बरोबरीने सिलिका (वाळूतल्याच द्रव्याची बारीक पूड) वापरायला सुरुवात केली आणि ही ओढाताण बरीच कमी झाली. ओल्या रस्त्यावरची पकड राखून गडगडण्याचा विरोध उतरवता येऊ लागला. आजचा चांगला रोजचा टायर ओल्यात इतका सक्षम असतो तो मोठ्या प्रमाणात सिलिकामुळे. तरीही ओढाताण पूर्ण संपलेली नाही, त्यामुळे सगळं काही देणारा टायर असल्याचं कुणी सांगितलं तर नेमकं काय कमी पडतं ते विचारा.

मिश्रणाला तापमानाची मर्यादाही असते. परफॉर्मन्स टायर बहुधा उन्हाळी मिश्रणाचे असतात आणि साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली त्यांचं रबर कडक होऊ लागतं. शून्याच्या आसपास काही अतिपरफॉर्मन्स टायर इतके ताठरतात की तशा थंडीत गाडी नुसती हलवली तरी खाचांच्या मधल्या रबरी ठोकळ्यांना तडे जाऊ शकतात, आणि कंपन्या स्वतःच तसा इशारा देतात. वहीत लिहिलेली सगळ्यांत थंड सकाळ ७ अंशांच्या खाली जात असेल तर सर्व ऋतूंचा टायर किंवा हिवाळ्यासाठी वेगळा संच हवा. बर्फात चालवायची असेल तर बाजूवर तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असलेलं चिन्ह शोधा, ते बर्फावरच्या चाचणीत उतरलेल्या टायरलाच मिळतं. नुसतं 'एम+एस' हे चिखल आणि बर्फासाठीचं चिन्ह उत्पादक स्वतःच्या जबाबदारीवर लावतो, त्यावर विसंबून बर्फात उतरू नका. आणि जिथे थंडी पडतच नाही तिथे हा सगळा परिच्छेद सोडून द्या. उष्ण हवेत सर्व ऋतूंच्या टायरपेक्षा तेवढ्याच दर्जाचा उन्हाळी टायर बहुधा लवकर थांबतो.

ओला रस्ता मात्र जवळपास सगळ्यांच्याच वाट्याला येतो, आणि टायर निवडताना मी सगळ्यांत जास्त वजन त्यालाच देतो. एक हिशोब करून बघा. १२०० किलोची गाडी, प्रत्येक चाकावर ढोबळमानाने ३०० किलो, आणि हवा ३२ पीएसआय, म्हणजे सुमारे २२० किलोपास्कल. यातून प्रत्येक टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम १३० चौरस सेंटिमीटर येतो, साधारण तळहाताएवढा. कुटुंबासकट सगळी गाडी असल्या चार तुकड्यांवर ब्रेक लावते आणि वळते. पावसात त्या तुकड्यांखालचं पाणी खाचांतून बाहेर फेकलं जायला हवं. वेग वाढला, खाच उथळ झाली किंवा हवा कमी पडली की पाणी टायरखालीच अडकतं, गाडी त्यावर तरंगते, आणि मग स्टीअरिंग फिरवून काही होत नाही. त्याच खोलीच्या खाचांचा रुंद टायर अरुंदापेक्षा कमी वेगातच तरंगू लागतो, हे रुंद टायरची हौस असणाऱ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावं. ट्रॅककडे झुकलेल्या टायरांच्या खाचा तर नव्या असतानाच उथळ असतात. कोरड्या डांबरावर ते अप्रतिम चालतात, पण साचलेल्या पाण्यात त्यांच्याकडून फार अपेक्षा करता येत नाही.

म्हणून पर्यायांची तुलना करताना ओल्या पकडीची श्रेणी आधी बघा. युरोपीय संघाच्या टायर लेबलवर ती ए (सगळ्यांत चांगली) ते ई अशी दिलेली असते, सोबत इंधनाची श्रेणी आणि डेसिबलमध्ये आवाज. २०२१च्या मे महिन्यापासून हे लेबल नव्या रूपात आहे. मी रोजच्या गाडीसाठी ओल्या पकडीत ए किंवा बी असलेले टायरच यादीत ठेवतो, बाकीचे पुढे बघतही नाही. इंधनाच्या श्रेणीत एक पायरी खाली जायला माझी हरकत नसते. लेबलमध्ये कोरड्या रस्त्यावरची पकड किंवा टायरचं आयुष्य येत नाही, त्यासाठी स्वतंत्र तुलनात्मक चाचण्या वाचाव्या लागतात. चाचणी तुमच्याच मापाची किंवा जवळच्या मापाची असेल तर जास्त उपयोगाची.

झिजेचा अंदाज घ्यायला अमेरिकी पद्धतीचा 'ट्रेडवेअर' आकडा बाजूवर दिसेल. १०० हा संदर्भ टायरचा आकडा धरतात आणि ४००चा टायर चाचणीच्या रस्त्यावर त्याच्या चौपट टिकेल असं मानतात. चाचणी सुमारे ११,५०० किमीची असते, पुढचा अंदाज त्यावरून बांधला जातो आणि अंतिम आकडा उत्पादक स्वतः जाहीर करतो. त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांचे ५०० आणि ५४० हे आकडे शेजारी ठेवून फारसं काही कळत नाही. २०० आणि ६०० यांतला फरक मात्र बोलका आहे: पहिला पकडीसाठी बनवलेला, दुसरा टिकण्यासाठी. त्यालाच जोडून 'ट्रॅक्शन'ची, म्हणजे पकडीची, एए (सगळ्यांत चांगली), ए, बी, सी अशी श्रेणी असते. ती फक्त ओल्या रस्त्यावर सरळ रेषेत ब्रेक लावण्याबद्दल बोलते, वळणावर काय होईल ते तिच्यातून कळत नाही.

रिम मोठी करायचा विचार असेल तर दुकानात जाण्याआधीच गणित करा. २०५/५५ आर १६चा बाहेरचा व्यास ६३२ मिमीच्या आसपास येतो, २२५/४५ आर १७चा ६३४. फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असल्यामुळे स्पीडोमीटर जवळपास तसाच राहतो. पण बाजूची उंची ११३ मिमीवरून १०१वर येते. स्टीअरिंग अधिक तरतरीत लागेल, आणि खड्डा लागला की तोच दणका रिमपर्यंत आणि तुमच्या कंबरेपर्यंत पोचेल. नव्या मापातला भारांक, टायरला चालणारी रिमची रुंदी आणि पूर्ण वळवलेल्या चाकाला मडगार्डच्या आत मोकळी जागा, हे तिन्ही तपासा. खराब रस्त्यांवर रोज जाणाऱ्याने रिम मोठी करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तोच पैसा मूळ मापातल्या वरच्या दर्जाच्या टायरवर घातला तर गाडीत जास्त सुधारणा होते.

इथवर आलात की निवड बरीच सोपी झालेली असते. रोजची ये-जा, पाऊस, घरची माणसं आणि भरपूर किलोमीटर असतील तर ओल्या पकडीत अव्वल असलेला टूरिंग टायर, म्हणजे आराम आणि टिकाऊपणासाठी बनवलेला रोजचा टायर घ्या. गाडी चालवण्याची आवड आहे, रस्ते बरे आहेत, थंडी कडक नाही आणि टायर थोडा लवकर बदलायची तयारी आहे, तर रस्त्यासाठीचा परफॉर्मन्स टायर घ्या. चांगल्या कंपन्यांचे असे टायर पावसातही भरवशाचे असतात, आणि अचानक ब्रेक मारावा लागला तर त्यांची पकड तुमच्याच कामी येते. नियमित ट्रॅकवर जात असाल तर दुसऱ्या रिमांवर दुसरा संच हेच बरोबर उत्तर आहे. एकाच संचाने ट्रॅक आणि पावसाळी महामार्ग दोन्ही सांभाळायला गेलात तर दोन्हीकडे कमी पडाल. इलेक्ट्रिक गाडी असेल तर तिचं जास्तीचं वजन आणि जोरदार सुरुवात लक्षात घेऊन भारांक पुन्हा एकदा तपासा.

दुकानात गेलात की बसवण्याआधी प्रत्येक टायरची तारीख वाचा. 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. चार आकडे एका बाजूलाच असू शकतात, टायर फिरवून बघा. वापरात नसलं तरी रबर जुनं होतं, म्हणून बरीच वर्षं पडून राहिलेला टायर सवलतीत मिळाला तरी परत करा. चारही टायर एकाच मॉडेलचे असावेत. दोनच घेणं भाग असेल तर नवे मागच्या चाकांना लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. ओल्यात मागची पकड आधी सुटली तर गाडी गरकन फिरते आणि ती सावरणं बहुतेकांना जमत नाही. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत जुन्या-नव्या टायरच्या खाचांतला फरक गिअर यंत्रणेला बाधतो, तिथे पुस्तिकेतली मर्यादा पाळा.

नक्षीला दिशा असेल तर बाजूवरचा बाण पुढे फिरणाऱ्या चाकाच्या दिशेने हवा. असममित नक्षी (आतल्या आणि बाहेरच्या अर्ध्या भागांत वेगळी) असेल तर 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर. ट्यूबलेसचे वॉल्व्ह नवे घाला, बॅलन्सिंग करून घ्या आणि जुने टायर एका कडेने झिजलेले असतील तर अलाइनमेंट तपासल्याशिवाय निघू नका, नाहीतर नवेही तसेच झिजतील. हवा स्टिकरवरच्या आकड्याइतकी, टायर थंड असताना भरायची. टायरच्या बाजूवर लिहिलेला दाब ही कमाल मर्यादा आहे, तिथपर्यंत भरायची नसते. स्टेपनीची हवाही याच वेळी बघून घ्या.

नवा टायर पहिले काहीशे किलोमीटर सबुरीने चालवा, साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या द्रव्याचा थर वर राहिलेला असतो आणि पकड पूर्ण आलेली नसते. ५० ते १०० किमी झाल्यावर चाकांचे नट टॉर्क पान्याने, पुस्तिकेतल्या आकड्याइतके पुन्हा आवळून घ्या. पुढे महिन्यातून एकदा हवा आणि खाचेची खोली बघायची. खाचांच्या तळाशी असलेले उंचवटे १.६ मिमीला रस्त्याला टेकतात आणि अनेक देशांत ती कायद्याची शेवटची मर्यादा आहे, पण पाऊस पडणाऱ्या भागात मी ३ मिमीलाच नवे टायर शोधायला लागतो. दुसरा संच काढून ठेवणार असाल तर धुऊन, कोरडा करून, ऊन आणि चालू असलेल्या विजेच्या मोटरपासून (पंपाच्या वगैरे) दूर ठेवा, कारण अशा मोटरमधून निघणारा ओझोन वायू रबराला चिरा पाडतो. रिमसकट असतील तर एकावर एक रचले तरी चालतात, नुसते टायर उभे ठेवा, आणि कोणता कुठल्या चाकाचा ते काढतानाच खडूने लिहून ठेवा.