ग्लुटेन टाळताना दारू निवडायची तर

सिलिअॅक, म्हणजे गहू-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनाने आतड्याला इजा होण्याचा आजार, असेल तर साधी बिअर सरळ बाद: ती जवाच्या माल्टची असते आणि तिचं ऊर्ध्वपातन होत नाही. व्हिस्की, व्होडका धान्याची असली तरी ऊर्ध्वपातनात अल्कोहोल वाफ होऊन पुढे जातं, ग्लुटेनचं प्रथिन भांड्यातच राहतं. तरीही मन धजत नसेल तर मळीची रम किंवा द्राक्षांची ब्रँडी घ्या; नाशिकमध्ये द्राक्षाच्या वाइनचीही वानवा नाही. फसगत होते ती नंतर मिसळलेल्या गोष्टींत. क्रीम लिकर, फ्लेवरवाली व्होडका, तयार कॉकटेल यांच्या लेबलावर माल्ट, जव, गहू शोधा; घटक लिहिलेलेच नसतील तर बाटली परत ठेवा. आणि चकणा तपासाच! चिवडा पोह्यांचा असला तरी डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, शिवाय त्याच तेलात शंकरपाळेही तळलेले असू शकतात.